मंगळवारचा बाजार हलवला आणि परत आणला : एका 'क' वर्ग नगरपरिषदेचं प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातलं एक तालुक्याचं गाव. गावाचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल असे बारकावे काढून टाकले आहेत, बाजाराचा वारही बदलला आहे.

नगरपरिषद 'क' वर्गातली, म्हणजे ४० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गटातली. अठरा नगरसेवक, त्यांत निम्म्या महिला. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून आलेले. २०१६ साली राज्याने थेट निवडीची पद्धत आणल्यावर बऱ्याच ठिकाणी जे झालं तेच इथेही झालं : नगराध्यक्ष एका पक्षाचे आणि सभागृहात बहुमत दुसऱ्यांचं. मुख्याधिकारी बाहेरून आलेले, तरुण, नोकरीतलं दुसरंच गाव.

गावाचा आठवडे बाजार मंगळवारी. निजामाच्या काळापासून भरतो, असं जुने लोक सांगतात. एसटी स्टँडवरून जुन्या वेशीकडे जाणारा रस्ता हीच बाजाराची जागा. स्टँडच्या बाजूला माळवं, म्हणजे भाजीपाला, मग मिरची-मसाल्याची पालं, सुकट-बोंबील, बांगड्या, कटलरी, तयार कपडे. वेशीबाहेर भुसार, चऱ्हाटं-दावी, विळे-खुरपी आणि सगळ्यात शेवटी शेळ्या-कोंबड्या. कोण कुठे बसणार हे कागदावर कुठेच नाही, तरी आईच्या जागी सून बसते आणि शेजारची बाई ती जागा राखून ठेवते. पालिका प्रत्येकाकडून तहबाजारी, म्हणजे बाजारात बसण्याची फी, घेते. वसुलीचा ठेका दर वर्षी लिलावाने जातो. छोट्या पालिकेला घरपट्टी-पाणीपट्टीनंतर स्वतःचं म्हणता येईल असं उत्पन्न फार थोडं असतं, त्यात ही तहबाजारी येते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी, कारण पुढे सगळं तिच्याभोवती फिरतं. या बाजारात विकणारे आणि घेणारे यांतले निम्म्याहून जास्त लोक आसपासच्या खेड्यांतले. त्यांचं मत ग्रामपंचायतीला. या पालिकेच्या मतदार यादीत त्यांचं नाव नाही.

प्रश्न

ग्रामीण रुग्णालय याच रस्त्यावर, बाजाराच्या बरोबर मध्यात. पूर्वी बाजार रस्त्याच्या कडेने बसायचा. दुचाक्या वाढल्या, छोटे टेम्पो वाढले, हातगाड्या आल्या, आणि दुकानदारांनीही माल पायरीच्या पुढे मांडायला सुरुवात केली. रस्ता दोन्ही बाजूंनी आत आला.

२०१८ च्या उन्हाळ्यात एका मंगळवारी दुपारी १०८ ची रुग्णवाहिका मसाल्याच्या पालांमध्ये अडकली. पाऊण तासाने बाहेर निघाली. आत सर्पदंशाचा रुग्ण होता, तो वाचला. पण एका पोराने काढलेला व्हिडिओ संध्याकाळपर्यंत जिल्हाभर फिरला. दुसऱ्या दिवशी व्यापारी मंडळाचं निवेदन आलं, तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याचं पत्र, आठवड्याच्या आत तहसीलदारांनी बैठक लावली. मागणी एकच : बाजार गावाबाहेर न्या.

व्यापारी मंडळाचा राग नुसता रुग्णवाहिकेचा नव्हता. मंगळवारी दुकानासमोर पाल लागतं, गिऱ्हाईक आत शिरत नाही, ही त्यांची जुनी तक्रार. रुग्णवाहिकेने त्या तक्रारीला वजन आलं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय बायपासलगतच्या गायरानाचा. एसटी स्टँडपासून दोन किलोमीटर. जागा मोकळी, मोठी. जिल्ह्याकडे प्रस्ताव पाठवून पुढे ओटे आणि शेड बांधता येतील, असा विचार. नगरसेवकांना हा पर्याय आवडला, कारण त्यात बांधकाम होतं. पालिकेतला कुठलाही पर्याय बांधकामासह आला की तो बाकीच्यांपेक्षा उठून दिसतो, हे इथे एकदा लिहून ठेवतो.

दुसरा, बाजार आहे तिथेच ठेवायचा आणि रुग्णालयासमोरचा पट्टा व रस्त्याची एक बाजू सक्तीने मोकळी ठेवायची. खर्च जवळपास नाही, पण दर मंगळवारी माणसं उभी करावी लागणार आणि रोजचा वाईटपणा कोणीतरी घ्यावा लागणार.

तिसरा, बाजार फोडायचा. गाडीने येणारा माल एकीकडे, डोक्यावरच्या पाटीतून येणारा दुसरीकडे.

विकास आराखड्यात भाजी मंडईसाठी एक जागा आरक्षित होती, पण ती पालिकेने वेळेत घेतली नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत संपादन झालं नाही तर मालकाला नोटीस देता येते, आणि त्यानंतरच्या २४ महिन्यांतही हालचाल झाली नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. इथे ते झालं होतं. त्या जागेवर आज मंगल कार्यालय आहे.

पहिला निर्णय

जूनच्या सर्वसाधारण सभेत बायपासचा ठराव अकरा विरुद्ध सात मतांनी मंजूर झाला. चर्चा पाऊण तास चालली. त्यातली अर्धी 'तुमच्या काळात काय केलं' यावर गेली.

विषयासोबत मुख्याधिकाऱ्यांची दीड पानी टिपणी होती. तिच्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे आधी विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं, ते झाल्याशिवाय कोणाला उठवता येत नाही. स्थलांतर करायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते. आणि हे सगळं नगर पथविक्रेता समितीशी सल्लामसलत करून करायचं असतं. त्या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यांतल्या एक तृतीयांश महिला. या पालिकेत समिती नव्हती आणि सर्वेक्षणही नव्हतं. टिपणीच्या शेवटी असंही होतं की पन्नास वर्षांहून जुन्या 'नैसर्गिक', म्हणजे परंपरेने भरत आलेल्या बाजाराला हा कायदा वारसा बाजार मानतो आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये असं सांगतो.

टिपणी सभेत वाचून दाखवली गेली नाही. 'टिपणी वाचली असे समजून' पुढे जायची पद्धत बऱ्याच सभागृहांत आहे, ती इथेही होती. मुख्याधिकारी बोलू शकले असते. ते गप्प राहिले. नंतर विचारल्यावर म्हणाले, नगराध्यक्ष आणि बहुमतवाले पहिल्यांदाच एखाद्या विषयावर एकत्र आले होते, त्यात मी आडवा कशाला जाऊ. माणूस म्हणून हे समजतं. अधिकारी म्हणून त्यांचं काम आडवं जाण्याचंच होतं.

मग घंटागाडीच्या भोंग्यावरून चार दिवस सूचना फिरली : येत्या मंगळवारपासून बाजार बायपासला. सूचना गावातल्या गल्ल्यांत फिरली. विकणारे खेड्यांत होते.

सहा मंगळवार

पहिल्या मंगळवारी पोलीस आणि पालिकेची माणसं पहाटेपासून स्टँडवर उभी. आलेल्या प्रत्येकाला बायपासकडे वळवलं. विकणारे गेले, घेणारे आले नाहीत. खेड्यातला माणूस बाजाराला येतो तेव्हा त्याची चार कामं असतात : तहसीलला दाखला, बँकेत पासबुक भरणं, दवाखाना, जमलंच तर लेकीच्या सासरी डोकावणं. पिशवी भरायची ती परतीची गाडी लागायच्या आधी. ही सगळी कामं स्टँडच्या अर्ध्या किलोमीटरात होती. मेथीची जुडी घ्यायला दोन किलोमीटर जाऊन परत यायला रिक्षा लागते. दुपारी बारा वाजता गायरानावर कोथिंबिरीच्या पाट्या सुकून गेल्या होत्या.

दुसऱ्या मंगळवारच्या आदल्या रात्री पाऊस झाला. गायरान काळ्या मातीचं. टेम्पो रुतले, आणि चपला हातात घेऊन चालणाऱ्या बायकांचे फोटो मोबाइलवर फिरले. त्याच मोबाइलवर महिनाभरापूर्वी रुग्णवाहिकेचा व्हिडिओ फिरला होता.

तिसऱ्या मंगळवारी माळवंवाल्या बायका पुन्हा वेशीजवळ बसल्या. त्यांना उठवायला गेलेला पालिकेचा शिपाई त्यांच्यातल्याच एकीचा भाचा निघाला. तो थोडा वेळ उभा राहिला आणि चहा प्यायला गेला.

सगळ्यात अनपेक्षित बातमी व्यापाऱ्यांकडून आली. बाजार दूर जावा म्हणून ज्यांनी निवेदन दिलं होतं, त्यांचाच मंगळवारचा गल्ला बसला. कापडवाले, भांडीवाले, कृषी सेवा केंद्र, सोनार यांचं सगळ्यांचं खेड्यातलं गिऱ्हाईक बाजाराच्या निमित्ताने यायचं. पाल लागल्याने दहा गिऱ्हाइकं बाहेर अडत होती हे खरं, पण पाल होतं म्हणून पन्नास रस्त्यावर येत होती. मंडळाचे अध्यक्ष चौथ्या आठवड्यात नगराध्यक्षांच्या घरी गेले. निवेदन न देता, एकटेच, आणि रात्री.

तहबाजारीच्या ठेकेदाराने लेखी कळवलं की बाजार दोन ठिकाणी भरतो, वसुली होत नाही, ठेक्याच्या रकमेत सूट द्या. आता विषय पालिकेच्या तिजोरीपर्यंत आला.

हे सगळं महिन्याभरात घडलं, आणि त्याच्या आसपासच ज्यांनी हात वर केले होते त्या अकरा जणांपर्यंत ते पोचलं. त्यासाठी अहवाल लागला नाही. एका नगरसेविकेची सासू सुकट विकते. एकाचं स्टँडसमोर हॉटेल आहे, मंगळवारी त्याची भजी उरू लागली. नगराध्यक्षांच्या ओट्यावर सकाळी सातपासून माणसं बसायची, त्यांत आधी नळाच्या आणि जातीच्या दाखल्याच्या तक्रारी असायच्या, आता फक्त बाजार. बांगड्यांच्या पालावरची एक बाई एका नगरसेविकेला लग्नाच्या पंगतीत, सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, हात वर करताना बाजारची पिशवी कोन्त्या हातात होती?"

लहान गावातल्या स्थानिक कारभाराचा फायदा सांगताना लोक बहुतेक वेळा म्हणतात की इथल्या निवडून आलेल्यांना गावाची नाडी ठाऊक असते, म्हणून ते चांगले निर्णय घेतात. या प्रकरणात ते खरं ठरलं नाही. अठराच्या अठरा जण गावात जन्मलेले, लग्न होऊन आलेल्या तेवढ्या बाहेरच्या. तरीही निर्णय चुकलाच. फायदा दुसरीकडे होता. निर्णयाचा चटका निर्णय घेणाऱ्यांनाच बसला, लवकर बसला, आणि तो नाकारायला त्यांच्याकडे जागा नव्हती. मंत्रालयातून घेतलेला चुकीचा निर्णय चुकला आहे हे तिथे कळायला दोन अर्थसंकल्प जातात.

निर्णय फिरवला

पाचव्या आठवड्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. काही विक्रेत्यांनी वकिलामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. तिकडून खुलासा मागवणारं पत्र आलं. आणि सभागृहातल्या काही सदस्यांनी विशेष सभेची लेखी मागणी केली. त्यांत ठरावाच्या बाजूने मत देणारे चौघे होते.

इथे दोन रस्ते होते. जिल्हाधिकाऱ्यांना स्थगिती देऊ द्यायची, म्हणजे 'वरून आदेश आला, आमचा नाइलाज' असं सांगता आलं असतं आणि कोणाचीच मान खाली गेली नसती. किंवा स्वतःच ठराव फिरवायचा. नगराध्यक्षांचा कल पहिल्याकडे होता. मुख्याधिकारी या वेळी बोलले. स्थगिती आली तर पुढची प्रत्येक दुरुस्ती जिल्ह्याला विचारून करावी लागेल, बाजार दर मंगळवारी भरतो आणि फाइल दर मंगळवारी फिरत नाही, असं त्यांनी सांगितलं. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वळण. मान राखायला अधिकार गमवायचा की अधिकार राखायला मान, असा तो हिशोब होता आणि पालिकेने दुसरं निवडलं.

ऑगस्टच्या मध्यात विशेष सभेत ठराव मागे घेतला गेला. मूळ ठरावाचे सूचकच मागे घेण्याचेही सूचक झाले. चुकलं असं इतिवृत्तात कुठे नाही. तिथे 'पावसाळ्यातील गैरसोय विचारात घेता' असे शब्द आहेत. चालायचंच.

नवी मांडणी

मागे घेतलं म्हणजे रुग्णवाहिकेचा प्रश्न सुटला नाही. पण या वेळी उलट्या बाजूने सुरुवात झाली. पालिकेच्या कर विभागाचे दोन कारकून आणि एक नगरसेविका सलग तीन मंगळवार बाजारात फिरले आणि विक्रेत्यांची यादी केली : नाव, गाव, माल, कशाने येतात, किती वर्षं बसतात. कायद्याच्या भाषेत सर्वेक्षण, पण झालं ते पालाच्या सावलीत बसून.

त्या यादीतून तिसरा पर्याय आपोआप वर आला. भुसार, शेळ्या, लोखंडी अवजारं, मोठे कपड्यांचे टेम्पो यांना गाडी उभी करायला जागा हवी होती, गिऱ्हाईक मुद्दाम शोधत येतं, त्यांना बायपास चालणार होता. शेळ्यांच्या व्यापाऱ्यांना तर तो आवडलाच होता. माळवं, सुकट, बांगड्या यांना मात्र वाटेवरच बसावं लागतं. म्हणून माळव्यासाठी स्टँडमागच्या जिल्हा परिषद शाळेचं मैदान, मंगळवारी शाळा सकाळची, बाजार साडेअकरानंतर. रस्त्यावर फक्त एका बाजूला पालं आणि रुग्णालयाच्या फाटकाच्या दोन्ही अंगांना मोकळा पट्टा. तो पट्टा सोमवारी रात्री पालिकेचे कामगार फक्कीने आखतात. दुकानदारांनीही पायरीच्या आत राहायचं ठरलं. हे त्यांनी सगळ्यात नाराजीने मान्य केलं, आणि सगळ्यात आधी मोडलं.

यादी करताना एक गोष्ट निघाली जी कोणाच्याही टिपणीत नव्हती. काही अडचण आहे का, असं कारकुनाने एका म्हातारीला विचारलं. तिला वाटलं तहबाजारी कमी होणार. मग जरा थांबून शेजारच्या नगरसेविकेकडे बघत ती म्हणाली, "माय, आमी दिसभर पानी पेत न्हाई. पानी पेलं तर जायाचं कुठं?" सकाळी सहाला घर सोडलेल्या बायका संध्याकाळी सहाला घरी पोचेपर्यंत तशाच. निजामाच्या काळापासून तहबाजारी घेणाऱ्या बाजारात बायकांसाठी संडास नव्हता. सभागृहात निम्म्या महिला असूनही हा विषय तोवर आला नव्हता, कारण त्या सगळ्यांची घरं बाजारापासून हाकेच्या अंतरावर. तो पुढच्या सभेत आला आणि एकमताने मंजूर झाला. त्या सभागृहात एकमताने झालेली कामं फार नाहीत.

पैशांचा भाग थोडक्यात. ओटे आणि शेडचा मोठा प्रस्ताव बाजूला पडला. मैदानावर मुरूम, दोन नळ, दिवे आणि संडास एवढंच पालिकेने आपल्या निधीतून केलं. सुचवणारे आणि पैसे मोजणारे एकच असले की यादी छोटी होते.

काय साधलं, काय नाही

त्या वर्षीच्या दिवाळीपासून नवी मांडणी चालू झाली. रुग्णालयासमोरचा पट्टा मोकळा राहिला. पहिले काही महिने तिथे पालिकेचा माणूस उभा असे, नंतर विक्रेतेच नवख्याला हटकू लागले. बायपासचा शेळीबाजार वाढला, शेजारच्या तालुक्यातून गाड्या येऊ लागल्या. तहबाजारी पहिल्या वर्षी कमी आली, दुसऱ्या वर्षी सावरली.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि बाजार बंद झाला. त्याच जूनमध्ये केंद्राने पथविक्रेत्यांसाठी पीएम स्वनिधी योजना सुरू केली, पहिलं कर्ज १० हजार रुपयांचं. अर्ज करायला सर्वेक्षणात नाव किंवा पालिकेचं शिफारसपत्र लागत होतं. पुष्कळ ठिकाणी पालिकांना आधी आपले विक्रेते कोण हे शोधावं लागलं. इथे वही तयार होती. खेड्यातून येऊन विकणाऱ्यांनाही योजनेत जागा होती, त्यामुळे मतदार यादीत नसलेल्या बायकांनाही पालिकेने पत्रं दिली. ती वही २०१८ च्या गोंधळाशिवाय झालीच नसती.

संडासाचं मात्र धड झालं नाही. बांधला, पण किल्ली स्वच्छतेच्या ठेकेदाराच्या माणसाकडे, आणि तो मंगळवारी सापडेलच असं नाही. बायका आता शाळेच्या शिपायाकडून शाळेचा संडास उघडून घेतात. पाच रुपये देऊन.

प्रशासकाचा काळ

लोकनियुक्त सभागृहाची मुदत संविधानाप्रमाणे पाच वर्षांची. २०२१ च्या अखेरीस ती संपली. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात अडकल्याने राज्यभरातल्या निवडणुका लांबल्या आणि इथे प्रशासक आले. ६ मे २०२५ ला न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं, मतदान २ डिसेंबर २०२५ ला झालं. मधली जवळपास चार वर्षं गावाला सभागृह नव्हतं.

या काळात शाळेला संरक्षक भिंत बांधली गेली. चांगलं काम, मागणीही जुनी. भिंतीला फाटक आलं, फाटकाला कुलूप आलं, आणि बाजारामुळे मैदान घाण होतं असं पत्र शाळेकडून गेलं. मंगळवारी फाटक उघडेना. माळवंवाल्या बायका रस्त्यावर आल्या, फक्कीची रेष आठवड्या-दोन आठवड्यांत पुसली गेली.

२०१८ मध्ये चूक दुरुस्त व्हायला सहा आठवडे लागले होते, या वेळी जवळपास दोन वर्षं लागली. प्रशासक वाईट होते म्हणून नव्हे. त्यांच्याच काळात घरपट्टीची कित्येक वर्षांची थकबाकी वसूल झाली, एका नाल्यावरची बड्यांची अतिक्रमणं निघाली, जी कुठल्याही नगरसेवकाने काढली नसती. पण त्यांच्याकडे आणखी एका पालिकेचा भार होता आणि मंगळवारी ते बहुधा तिकडे असत. जाऊन बसावं असा ओटा त्यांच्या घराला नव्हता. माजी नगरसेवकांकडे लोक गेले तर ते म्हणायचे, आमच्याकडे आता अधिकार नाही, आणि ते खरंच होतं. शेवटी शाळा व्यवस्थापन समिती बदलली, नव्या अध्यक्षांची जाऊबाई माळवं विकणारी निघाली, आणि फाटक उघडलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे पहिल्या ठरावात 'चार मंगळवार प्रायोगिक तत्त्वावर, त्यानंतर सभेपुढे आढावा' अशी एक ओळ घालता आली असती. मग मागे घेणं म्हणजे माघार ठरली नसती आणि दोन आठवडे मान वाचवण्यात गेले नसते. छोट्या गावात माणसं एकमेकांना रोज भेटतात, त्यामुळे चूक लवकर दिसते. पण त्याच कारणाने ती कबूल करणं जास्त जड जातं. आढाव्याची तारीख आधीच लिहिलेली असली की कबूल काही करावं लागत नाही.

टिपणी सभेत मोठ्याने वाचली जायला हवी होती. अठरापैकी सहा-सात जण तरी ३० दिवसांची नोटीस ऐकून थबकले असते, असं त्यांच्यातल्याच एकाने मला सांगितलं. माझा यावर अर्धाच विश्वास आहे.

विक्रेत्यांना विचारायचं तर मंगळवारी बाजारात जाऊन विचारायला हवं. पालिकेने हरकती मागवल्या होत्या त्या कार्यालयाच्या फलकावर, कामाच्या दिवशी, लेखी. एकही आली नाही. हरकत नसल्याचा तो पुरावा मानला गेला.

आजूबाजूच्या सरपंचांना एकदाही बोलावलं गेलं नाही, ना २०१८ मध्ये, ना नंतर. इथे स्थानिक कारभाराची मर्यादाही उघडी पडते. नगरसेवकाला जो चटका बसला तो गावातल्या मतदारामुळे : दुकानदार, हॉटेलवाला, नगरसेविकेची सासू. समजा, बाजार हलवल्याने गावातल्या व्यापाऱ्यांचा धंदा वाढला असता आणि फक्त खेड्यातल्या बायकांचे हाल झाले असते, तर ठराव सहा आठवड्यांत फिरला असता का? मला नाही वाटत. या वेळी दोघांचं नुकसान एकाच दिशेला होतं, हे त्या बायकांचं नशीब. नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांना ४० टक्के जागा ठेवण्याचा अर्थ इथे लागतो, कारण खेड्यातल्या बाईला पालिकेत बोलायला तीच एक खुर्ची आहे. या गावात ती समिती आजही फक्त कागदावर आहे.

शाळेच्या मैदानाचं सगळं तोंडी होतं. शाळा जिल्हा परिषदेची, बाजार नगरपरिषदेचा आणि परवानगी मुख्याध्यापकांच्या चांगुलपणाची. मुख्याध्यापक बदलून गेले आणि व्यवस्था त्यांच्याबरोबर गेली. ओळखीपाळखीवर चालणारा कारभार झटपट चालतो, हा त्याचा गुण. पण जे झटपट झालं ते नंतर सवडीने कागदावर आणायचं असतं, आणि ती सवड या पालिकेने तीन वर्षांत काढली नाही.

सध्या

डिसेंबर २०२५ च्या प्रचारात दोन्ही बाजूंच्या पत्रकांवर बाजार होता. जिंकलेल्यांनी पुन्हा बायपासला काँक्रीटचे ओटे आणि भव्य शेड यांचं आश्वासन दिलं आहे. नवीन सभागृहात जुन्या अठरांपैकी पाच जण आहेत, त्यांत ती सुकटवालीची सून आहे. मैदानासाठी जिल्हा परिषदेशी लेखी करार करावा, पथविक्रेता समितीची निवडणूक घ्यावी आणि मंगळवारी संडासाची किल्ली पालिकेच्या महिला कर्मचाऱ्याकडे असावी, असा तीन कलमी अर्ज तिने दिला आहे. किल्लीचं लगेच मान्य झालं. बाकी दोन विषय पुढच्या सभेवर ढकलले आहेत.